मोरियांची घरे

कोप्पळहून गंगावतीकडे जाणारी सकाळची बस हिरेबेणकल गावाशी थांबली, तेव्हा उतरणारे प्रवासी दोघेच होते. एक दुधाचे रिकामे कॅन घेऊन आलेला तरुण, आणि दुसरे खांद्याला कापडी पिशवी लावलेले, सत्तरीकडे झुकलेले एक निवृत्त शिक्षक. शिरोळ तालुक्यातील त्यांच्या गावी त्यांना सगळे गुरुजीच म्हणतात. तेवढे नाव येथे पुरे. पिशवीत गाळलेल्या पाण्याची बाटली होती, दशम्या होत्या, लसणाविना केलेली शेंगांची चटणी होती आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. तो कागद गेले पाच महिने कोराच होता.

गुरुजींच्या मातोश्रींनी गेल्या वर्षी, वयाच्या ९२ व्या वर्षी, सल्लेखना घेऊन शांतपणे देह ठेवला. येत्या माघात त्याला वर्ष पूर्ण होईल. थोरल्या बंधूंनी, म्हणजे अण्णांनी, मळ्यातील विहिरीशेजारी स्मारक करण्याचे ठरवले आहे. इलकलच्या तांबड्या ग्रॅनाइटची चार फूट रुंद व सहा फूट उंच शिळा. तिच्यावर मातोश्रींचा जीवनपरिचय, त्याखाली मुले, सुना, नातवंडे, आणि सर्वांत शेवटी स्मारकाला ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांची नावे. मजकूर लिहिण्याचे काम ओघानेच गुरुजींकडे आले. ‘शिकलेला तू. तू लिही, खर्चाचे मी बघतो,’ असे अण्णा म्हणाले. ३७ वर्षे मुलांचे निबंध तपासलेल्या माणसाला एवढे जमू नये याचे अण्णांना नवल वाटले, आणि खुद्द गुरुजींना त्याहून अधिक.

अडचण शब्दांची नव्हती. मातोश्रींना अक्षर येत नव्हते, ही अडचण होती. दुधाचा हिशेब त्या स्वयंपाकघराच्या दाराआडच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवत. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. स्तोत्रे त्यांनी ऐकून ऐकून पाठ केली होती आणि एखाद्या पंडिताने चुकीचे म्हटले तर त्या लगेच ओळखत. परंतु तेच स्तोत्र छापलेले पुढे ठेवले तर ते उलटे आहे की सुलटे हे त्यांना सांगता येत नसे. बँकेत अंगठा उठवताना त्यांना संकोच वाटे. धाकट्या नातीने एकदा त्यांना सही शिकवण्याचा प्रयत्न केला, तो पहिल्या अक्षरापाशीच थांबला. अशा स्त्रीच्या नावाने २४ चौरस फूट अक्षरे कोरायची होती, आणि त्यांतील एकही त्यांनी वाचली नसती. कागद पुढे घेतला की हा विचार आडवा येई आणि लेखणी थांबे.

कोप्पळला येण्याचे कारण हेच होते. गुरुजींच्या घरची बोली कन्नड आणि शाळेची मराठी. सीमाभागात त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. कोप्पळ म्हणजे जुने कोपण. राष्ट्रकूट नृपतुंगाच्या राजसभेत नवव्या शतकात रचल्या गेलेल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथाने ज्या प्रदेशाला अस्सल कन्नडचे माहेर म्हटले, त्याच्या खुणा सांगताना कोपणनगराचे नाव घेतले आहे. दिगंबर जैनांचे तर ते महातीर्थ होते. तेथील टेकड्यांवर संन्यासमरणाचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील शके ८०३ चा, म्हणजे इ. स. ८८१ चा, लेख गुरुजींनी पुस्तकात वाचला होता. एकचट्टुगद भटारांचे शिष्य सर्वनंदी भटार येथे येऊन राहिले, त्यांनी गावाला धर्म शिकवला, दीर्घकाळ तप केले आणि संन्यासविधीने देह ठेवला, एवढेच त्यात सांगितले आहे. जन्म कोठला, कुळ कोणते, याची वार्ता नाही. मजकूर लिहिण्याचा काही धडा अशा ठिकाणी मिळेल, असे गुरुजींना वाटले होते.

आदल्या दिवशी ते पाल्कीगुंडूवर चढून आले. उभ्या शिळांवर एक प्रचंड आडवी शिळा निसर्गानेच अशी टेकवली आहे, की खालून पाहणाऱ्याला पालखी दिसावी. तिच्या छायेत अशोकाचा लेख आहे. १९३१ साली कोप्पळमध्ये गविमठ आणि पाल्कीगुंडू या दोन्ही ठिकाणी अशोकाचे लेख उजेडात आले. त्या लेखाजवळच खडकात दोन पावले कोरलेली आहेत आणि पावलांखाली जुन्या कन्नडमध्ये दोन लहानशा ओळी आहेत. जटासिंहनंदी आचार्यांची ही पावले चावय्याने करवली, इतकाच त्यांचा अर्थ. हे जटासिंहनंदी म्हणजे संस्कृत ‘वरांगचरिता’चे कर्ते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवणारे, सदलग्याचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी १९३८ साली तो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, तेव्हा कर्त्याचा माग काढताना या दोन ओळींचाही विचार केला. गुरुजी त्या पावलांपाशी बराच वेळ बसले. पुढे कागद पाहिला, तो कोराच.

उतरताना पायथ्याशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. कोठून आलात, काय पाहिले, ही चौकशी झाल्यावर ते कन्नडमध्ये म्हणाले, ‘लिहिलेले दगड पाहिलेत, तर न लिहिलेलेही पाहून जा. हिरेबेणकलच्या डोंगरावर मोरियांची घरे आहेत.’ गुरुजींनी ते नाव ऐकले होते. जाण्याचे मात्र मनात नव्हते. रात्री झोप आली नाही, आणि पहाटे त्यांनी कोल्हापूरच्या गाडीऐवजी गंगावतीची बस धरली.

गावाच्या कडेला एक वृद्ध स्त्री शेळ्या सोडत होती. डोंगराची वाट विचारताच तिने गुरुजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

‘एकटेच निघालात का, अप्पा?’

‘एकटाच.’

‘कुणाला तरी संगती न्या. वर करडी आहे.’

करडी म्हणजे अस्वल. घरची बोली कन्नड नसती तर गुरुजी त्या शब्दावर हसून पुढे गेले असते. ते क्षणभर थांबले. मग काठी म्हणून छत्री हातात घेतली आणि चालू लागले. म्हातारीने मागून सांगितले, की पांढऱ्या बाणांच्या मागे जा, आणि वाटेत मोठ्याने खाकरत राहा.

मार्गशीर्षातील सकाळ होती. तुंगभद्रेच्या कालव्याने पोसलेली भातशेती कापून झाली होती. खाचरांत धसकटे उभी होती आणि पेंढ्यांच्या गंजींवर दव चमकत होते. गंगावतीचा तांदूळ दूरवरच्या बाजारात जातो, तो याच पाण्यावर पिकतो. शेवटचे खाचर संपले आणि हिरवा रंग एखाद्या रेघेसारखा तुटला. पुढे केवळ दगड. येथील ग्रॅनाइट २०० कोटी वर्षांहून जुना आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांनी त्याचे एवढे गोल, एवढे बेभरवशाचे ढीग रचले आहेत, की एखादा गुंड हाताने ढकलला तर सारा डोंगर घरंगळेल असे वाटावे. याच दगडांच्या मुलखात तुंगभद्रेकाठी हंपी वसली आणि आनेगुंदी वसली. रामायणातील किष्किंधा लोक येथेच दाखवतात, यात आश्चर्य नाही.

चढ सुरू झाला. तरवडीची झुडपे, घाणेरीचे दाट जाळे, आणि मधून कुसळीचे गवत. कुसळे धोतरात रुतत आणि दर पन्नास पावलांवर थांबून ती काढावी लागत. वाट म्हणजे वाट नव्हतीच. खडकावरचा एक पांढरा बाण, मग थोडा शोध, मग दुसरा बाण. गुरुजी खाली पाहून चालत होते. मुंग्यांची एक लांब रांग वाट ओलांडत होती, ती संपेपर्यंत ते उभे राहिले. घाई नव्हती. कित्येक महिन्यांत प्रथमच कोणी त्यांना काही विचारत नव्हते.

एका वळणावर त्यांना वारूळ दिसले. ते अर्धे उकरलेले होते. माती ओलसर होती आणि उकरल्याच्या खुणा रुंद व खोल होत्या. वाळवीसाठी अस्वल असेच वारूळ उकरते, हे पाठ्यपुस्तकातील वाक्य त्यांनी वर्गात अनेकदा वाचून घेतले होते. ते इतके खरे असेल असे कधी वाटले नव्हते. परतावे काय, हा प्रश्न खराच पडला. धाकट्या बंधूंना फोन करावा, तर डोंगराच्या कुशीत फोनला रेंज नव्हती. गुरुजींनी णमोकार मंत्र म्हटला. प्रथम मनात, आणि मग म्हातारीची सूचना आठवून चांगला मोठ्याने. दूरवर मोर ओरडले. दुसरे काही हलले नाही. ते पुढे निघाले. मात्र त्यानंतर माथ्यापर्यंत मंत्र थांबला नाही, आणि त्यात भक्ती किती व भीती किती हे त्यांचे त्यांनाच सांगता आले नसते.

चढाच्या मध्यावर काही कपारी आहेत. आत शिरून डोळे अंधाराला सरावले की भिंतीवर तांबडी चित्रे उमटू लागतात. गेरूने काढलेली हरणे, बैल, मोर, हातात शस्त्र घेतलेले घोडेस्वार, आणि हातांत हात गुंफून नाचणाऱ्या माणसांची एक रांग. माणसे म्हणजे निव्वळ रेघा. एक उभी, दोन तिरप्या, वर एक ठिपका. गुरुजी त्या रांगेकडे पाहत राहिले. अशा रेघा त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या दाराआडच्या भिंतीवर. दिवाळीपूर्वी अण्णांनी घराला रंग दिला, तेव्हा त्या भिंतीलाही दिला. कोणाच्या लक्षातही आले नाही. गुरुजींच्याही नाही, ते आत्ता आले.

माथ्यावर वारा होता. खडकाची उघडी पाठ लांबवर पसरलेली, आणि तिच्यावर दगडी घरे. प्रथम लहान, कमरेएवढी. तीन बाजूंना उभे तक्ते आणि वर एक आडवा तक्ता. मग थोडी मोठी. आणि पुढे पाण्याच्या एका तळ्यापलीकडे माणसाहून उंच अशी घरेच घरे, काही उभी, काही कलंडलेली, काही पत्त्यांसारखी कोसळलेली. सर्व मिळून अशी सुमारे ४०० बांधकामे या डोंगरावर आहेत. लोक त्यांना मोरियर मने, म्हणजे मोरियांची घरे, म्हणतात. मोरिया म्हणजे तीन फूट उंचीची बुटकी माणसे, अशी समजूत आहे. लहान घरे पाहून ती सुचली असावी. मोरिया आणि मौर्य यांचा संबंध जोडण्याचा मोह काहींना झाला आहे. परंतु ही घरे राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती मृतांसाठी होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड वापरू लागलेल्या लोकांनी ती उभारली.

एकोणिसाव्या शतकात निजामाच्या चाकरीतील फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने या भागातील अशा थडग्यांविषयी लिहिले. पुढे डॉ. अ. सुंदर यांनी उत्तर कर्नाटकातील दगडी थडग्यांचा बारकाईने अभ्यास करून १९७५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या प्रस्तावित यादीत हिरेबेणकलचे नाव गेले. त्याच वर्षी त्याच यादीत मराठ्यांचे गडकोट होते. गडकोटांवर २०२५ साली शिक्कामोर्तब झाले, ढोल वाजले, आणि ते योग्यच झाले. मोरियांची घरे अद्याप ताटकळत आहेत. त्यांच्यासाठी ढोल वाजवणारे कोणी उरलेले नाही.

गुरुजी एका मोठ्या घरापुढे उभे राहिले. चारी बाजूंचे तक्ते एवढे सरळ आणि पातळ होते, की ते हातांनी काढले यावर विश्वास बसू नये. त्यामागे निसर्गाची मदत आहे. हा खडक दिवसा तापतो, रात्री निवतो आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे त्याचे थर सुटत जातात. असा सुटू पाहणारा थर हेरायचा, त्यात पाचरी ठोकायच्या, तक्ता उचकटायचा आणि कडा ठोकून सारख्या करायच्या. मधले तळे हीदेखील मुळात दगडाची खाण. तक्ते निघाले आणि खळगा उरला, त्यात पावसाचे पाणी साठले. मात्र उचकटलेला तक्ता उभा करणे आणि काही टनांचे छत त्यावर चढवणे यांत निसर्गाची मदत नाही. तेथे लाकडाच्या तरफा, मातीचा उतार, दोर आणि पुष्कळ माणसे लागली असणार.

दर्शनी तक्त्यात एक गोल भोक होते, कलिंगड आत जाईल एवढे. अनेक घरांना ते आहे. हे भोक कशासाठी, यावर अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. कोप्पळच्या दक्षिणेला चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरी येथे १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी अशाच भोके असलेल्या, पण जमिनीखालच्या दगडी पेट्या उकलल्या. त्यांत अखंड देह नव्हते. देह आधी दुसरीकडे ठेवून, मांस झडल्यावर निवडक हाडे आणून ती मडक्यांसह आणि लोखंडी हत्यारांसह आत ठेवली होती, आणि एकाच पेटीत अनेकांची. म्हणजे थडगे एकदा बंद करून विसरण्याचे नव्हते. पुन्हा कोणी गेले की ते पुन्हा उघडायचे होते. भोक त्यासाठी असावे. हिरेबेणकलची घरे तर उघड्या खडकावर, वाऱ्यापावसात उभी. त्यांतील हाडे केव्हाच गेली. सोन्याच्या आशेने आलेल्यांनी कित्येक तक्ते फोडले. त्यांना मिळाली असतील ती खापरे.

गुडघे टेकून गुरुजींनी भोकातून आत पाहिले. वाळलेली पाने, शेळ्यांच्या लेंड्या, पाण्याची एक प्लॅस्टिकची बाटली. छताच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. भिंतीवर काही नव्हते. एक रेघही नव्हती.

ते दुसऱ्या घराकडे गेले, तिसऱ्याकडे गेले. दशमी खाण्याचे भान राहिले नाही. शिक्षकाची सवय म्हणा, पण एवढे सगळे दगड आणि कोठेच अक्षर नाही, हे त्यांच्या डोळ्यांना पटेना. एवढ्या ४०० घरांत एकही नाव नाही. तळ्याच्या काठी टेकून ते बसले आणि त्यांना प्रथम फार बरे वाटले. नाव मागे ठेवण्याची हाव नसलेली माणसे, असे काहीसे त्यांच्या मनात आले, आणि ते वाक्य त्यांना आवडलेही. ते कागदावर उतरवावे म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला.

हात तेथेच थांबला. ३७ वर्षे निबंध तपासल्याने गोंडस वाक्य त्यांना लगेच ओळखू येई. या माणसांपाशी लिपीच नव्हती. या परिसरात पहिली अक्षरे बहुधा अशोकानेच कोरवली, आणि तीही येथून ३०–४० किलोमीटरवर, पाल्कीगुंडूवर. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नाव लिहिले नाही, याला निरहंकार कसे म्हणायचे? आणि हे छत? चढवणाऱ्यांत कित्येकांची पाठ मोडली असेल. शेजारी कमरेएवढी घरे आहेत आणि येथे हे दीड पुरुष उंच आहे. मोठ्यांचे मोठे आणि लहानांचे लहान, हा हिशेब मोरियांनाही येत होता. अण्णांची सहा फुटांची शिळा या पंक्तीत मुळीच विजोड दिसली नसती.

ही ओळख गुरुजींना सुखाची वाटली नाही. अण्णांच्या शिळेवर ते मनातून रुष्ट होते आणि त्या रागाला या डोंगराचा आधार मिळेल, अशी कोठेतरी आशा होती. तो मिळाला नाही. उलट आठवले ते चावय्याचे नाव. कोण चावय्या? त्यानेही आचार्यांच्या पावलांखाली स्वतःचे नाव घातलेच की. त्याने त्या दोन ओळी कोरवल्या नसत्या, तर ती पावले कोणाची हे सांगायला आज कोणी नसते, आणि उपाध्ये सरांनाही तो धागा मिळाला नसता. नाव लिहिणे हा काही केवळ गर्वच नसतो. ते पुसले गेले की मागे राहते ते हे: दगड चांगला, काम चांगले, आणि आत कोण होते ते कळत नाही. बुटकी माणसे होती म्हणे.

शिवार्यांच्या ‘भगवती आराधने’त याहून निराळी रीत सांगितली आहे. संन्यासमरणाने गेलेल्या साधूचा देह गावापासून दूर, एकांतात, सपाट आणि निर्जंतुक जागी ठेवून द्यायचा, आणि माघारी यायचे. ती जागा म्हणजे निषिधी. थडगे नाही, छत नाही. पुढे काळाच्या ओघात त्या शब्दाचा अर्थ वाढत गेला. जागेवर दगड आला, दगडावर पावले आली, पावलांखाली अक्षरे आली. माणसाला रिकामी जागा फार काळ सोसवत नाही. मातोश्रींनी शेवटच्या दिवसांत एकदाच काही मागितले होते, ते म्हणजे विहिरीकडची खिडकी उघडी ठेवा. अण्णांनी स्मारकासाठी विहीरच का निवडली, हे गुरुजींना तळ्याकाठी बसल्यावर कळले. आजवर त्यांनी अण्णांना ते विचारलेच नव्हते.

दुपार कलू लागली होती. माथ्यावरील एका उंच गुंडावर एक अर्धगोल दगडी नगारा आहे. सहा-सात फूट व्यासाची ती शिळा ठोकली असता तिचा नाद किलोमीटरभर जातो, असे सांगतात. गुरुजींनी खालून वर पाहिले. चढणे त्यांच्या वयाला शक्य नव्हते. त्यांनी एक दशमी खाल्ली, पाणी प्यायले, तळ्याकाठी पडलेली प्लॅस्टिकची दोन वेष्टने आणि थडग्यातील ती बाटली छत्रीच्या टोकाने ओढून पिशवीत भरली. मग गुडघ्यावर कागद ठेवून, फारसा विचार न करता, त्यांनी लिहिले. वर आईचे नाव आणि गाव. त्याखाली एक ओळ: अक्षर न शिकता त्यांनी ऐकून स्तोत्रे आत्मसात केली आणि घरातील व गल्लीतील मुलांकडून ती चुकांविना म्हणवून घेतली. त्याखाली दुसरी: सल्लेखनेने, या विहिरीकडे तोंड करून, देह ठेवला, आणि तिथी. पुन्हा वाचले. ‘आत्मसात’ खोडून ‘पाठ’ केले.

उतरताना वारुळापाशी त्यांनी पुन्हा मोठ्याने मंत्र म्हटला. सकाळी उकरलेली माती आता वाळून पांढरी झाली होती.

पायथ्याशी म्हातारी शेळ्या वळवून आणत होती. तिने लांबूनच विचारले, ‘पाहिली का घरे?’

‘पाहिली.’

‘कुणी होते का घरी?’ असे म्हणून ती स्वतःच्याच विनोदावर पदर तोंडाशी धरून हसली. गुरुजीही हसले. करडी दिसली नाही, हे त्यांनी सांगितले. तिला ते फारसे पटले नाही. तिने तुम्हाला पाहिले असेल, ती म्हणाली.

बस येण्यास अवकाश होता आणि फोनला रेंज आली होती. रस्त्यावरून ग्रॅनाइटचे दोन प्रचंड ठोकळे साखळदंडांनी बांधून एक ट्रक गेला, आणि त्याची धूळ बसेपर्यंत थांबून गुरुजींनी धाकट्या बंधूंना फोन लावला.

‘दादा, आहात कुठे? अण्णा सकाळपासून विचारतायत. मजकूर झाला का?’

‘झाला. नाव आणि दोन ओळी.’

‘दोनच? अहो, शिळा सहा फुटांची आहे. खाली नावे किती घ्यायची ते सांगा. यादी माझ्याकडे तयार आहे.’

‘नावे पावतीपुस्तकात आहेत ना? मग ती तिथेच राहू देत.’

पलीकडे काही वेळ शांतता होती. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

‘हे अण्णांना तुम्हीच सांगा, दादा. मला नाही जमायचे.’

‘सांगतो. आणि एक विचार त्यांना. स्वयंपाकघराचे दार आहे ना, त्याच्या मागच्या भिंतीला रंग देताना आधी घासली होती का, की नुसताच वरून हात मारला?’

‘का?’

‘विचार तर खरे.’

कोप्पळची बस येताना दिसली. गुरुजींनी छत्री उंच करून तिला हात दाखवला.